गॅलागा, मार्फत ५६ ए.पी.ओ.

नगरा, झाशी
१४ नोव्हेंबर १९९३

अहो,

तुमचं कार्ड काल मिळालं. "पोहोचलो. ठीक आहे. थंडी आहे." एवढंच. पोस्टमनने ते हातात दिलं तेव्हा विमलाबाई शेजारीच होत्या. म्हणाल्या, "सुभेदारजी कार्ड लिहितात का तार करतात?" घरमालकीण असल्या म्हणून हे बोलायचा हक्क मी त्यांना दिलेला नाही, पण खोटं काय बोलल्या?

इकडे बरं आहे. शारदा सहामाहीत हिंदीत वर्गात पहिली आली, आणि मराठीचं विचारू नका. परवा शाळेतून आली आणि म्हणाली, "आई, मला भूक लागून राहिली आहे." आपण दोघं सातारचे, आणि पोरगी झाशीची झाली.

जाताना तुम्ही तिला टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम दिलात ना, दुपारभर घरात त्याचाच आवाज. एका कॅसेटमध्ये पुष्कळ खेळ आहेत, पण खरा खेळ एकच, गॅलागा. काळं आकाश, खाली आपलं पांढरं विमान. वर किड्यांसारखी शत्रूची विमानं रांगा धरतात आणि एकेक सुटून अंगावर येतं. त्यातलं एक मोठं खाली येऊन निळा झोत टाकतं. त्यात सापडलं की आपलं विमान वर ओढून नेतात, आणि ते त्यांच्याच रांगेत लाल होऊन उभं दिसतं. तो मोठा पुन्हा अंगावर येईल तेव्हाच त्याला मारलं तर आपलं विमान परत मिळतं. तो रांगेत असताना मारला तर गेलं. शारदाला हे कळत नाही, ती घाई करते.

रेडिओवर तुमच्या बाजूला बर्फ फार पडल्याचं सांगत होते. मी बंद केला. मग परत लावला. घरातले सगळे डबे घासून झाले, पडदे धुऊन झाले, आता काय करू ते कळत नाही. बसवत नाही एका जागी.

जरा मोठं पत्र लिहा.

तुमची
प्रेमला


मार्फत ५६ ए.पी.ओ.
२ डिसेंबर १९९३

प्रिय प्रेमला,

हे घे मोठं पत्र.

तब्येत उत्तम. जेवण उत्तम. थंडी आहे पण अंगावर एवढे कपडे असतात की माणूस गादीसारखा दिसतो. आमचा हवालदार लक्ष्मण तुला माहीत आहे, तुमच्या खालच्या गल्लीतल्या शकुंतलावहिनींचा नवरा. तो परवा चालताना घसरला तर गडगडत गेला आणि हसत उठला. असं इथलं सगळं.

तुझ्या पत्रातला गॅलागाचा भाग मी त्याला वाचून दाखवला. तो म्हणाला, "साहेब, पोरगी शाळेत असते ना दुपारी? मग आवाज कसला येतो?" मलाही तोच प्रश्न पडला. शारदा घाई करते हे तुला कोणी सांगितलं? खरं सांग, कोण खेळतं?

पुढच्या आठवड्यात आम्ही वरच्या चौकीवर जातो. तिथून टपाल हेलिकॉप्टर येईल तेव्हाच निघतं, म्हणून पत्र आलं नाही तर जीव टांगणीला लावू नकोस. रेडिओ ऐकू नकोस. वर काही विशेष नसतं, बसून चहा प्यायचा.

शारदाला गोड पापा.

दिवाकर


नगरा, झाशी
२८ डिसेंबर १९९३

अहो,

मी खेळते. झालं समाधान?

पहिल्यांदा शारदाने हात धरून शिकवलं. मग ती शाळेत गेली की मी टीव्ही लावायची. खेळताना दुसरं काही डोक्यात येऊच शकत नाही. नजर जरा हलली की विमान गेलंच. तेवढा वेळ मी कोणाची वाट पाहत नसते. उठले की परत तेच. खिडकीपाशी जा, कडी बघ, पाणी पी.

पण लिहायचं आहे ते वेगळंच. गेल्या आठवड्यात विजेचा काहीतरी गोंधळ झाला आणि गेमचा अडॅप्टर जळाला. विमलाबाईंना सीपरी बाजारात लोकर घ्यायची होती, म्हणून दोघी रिक्षाने गेलो. दुरुस्तीवाल्याने सांगितलं, तासाभराने या. शेजारच्या दुकानातून मला ओळखीचा आवाज आला. तोच, विमान सुटण्याच्या आधीचा सूर! पण घरातल्यासारखा चिरका नाही, छातीत वाजणारा. मी सरळ आत गेले. आत सगळी पोरंटोरं, आणि कोपऱ्यात कपाटाएवढं यंत्र. त्यावर गॅलागा.

अहो, घरी आहे ती याची सावली आहे. घरच्या टीव्हीवर सगळं दाबून बसवलंय, उजवीकडची पट्टी तर नुसत्या गुणांनी अडवलेली. इथे पडदा उभा, उंच. आकाश वरपर्यंत जातं, रंगीत तारे खाली वाहत येतात. घरी अंगठ्याने दाबायची चपटी बटणं. इथे उभं राहून डाव्या हातात गोल मुठीचा दांडा धरायचा आणि उजव्याने बटण. आणि शत्रू? घरचे शत्रू पाहुणे वाटले मला. इथले अंगावर येतात ते मारायलाच. माझी तिन्ही विमानं चहा उकळायच्या आत संपली.

विमलाबाई मागे उभ्या होत्या. त्यांच्या मुदपाकखान्याबाहेरचं जग त्यांना फारसं पसंत नसतं, पण म्हणाल्या, "अगं बहू, तू डावीकडे चिकटून का राहतेस? मधे ये ना!" आणि मालकाला म्हणाल्या, "भैया, इनको एक बार और खेलने दो." मालक रामसेवक भैया म्हणजे म्हातारा, मिशीवाला माणूस. त्याने स्टूल पुसून विमलाबाईंना बसायला दिलं.

तेव्हापासून आठवड्यातून दोनतीनदा जाते. विमलाबाई सोबत असतात. रागावू नका. तुमचा चहा पिऊन झाला असेल तर लिहा.

प्रेमला


मार्फत ५६ ए.पी.ओ.
२३ जानेवारी १९९४

प्रेमला,

तुझं पत्र आणि लक्ष्मणच्या घरचं पत्र एकाच हेलिकॉप्टरने आलं. शकुंतलावहिनींनी लिहिलंय की नलवडे सुभेदारांची बायको सीपरी बाजारात टपोरी पोरांच्या घोळक्यात उभी राहून व्हिडिओ गेम खेळते, पोरं मागून टाळ्या वाजवतात. लक्ष्मणने मला हे खाली मान घालून सांगितलं. माझ्या हाताखालच्या माणसाने मला माझ्या घरचं सांगावं?

टाळ्यांचं तू लिहिलं नव्हतंस.

घरी खेळायला दिलाय ना? घरी खेळ. दुकानात जायचं नाही. मी इथे कशात आहे ते तुला माहीत नाही आणि तुला माहीत व्हावं असंही वाटत नाही, पण निदान घरची काळजी माझ्या डोक्याला लावू नकोस. सुभेदाराची बायको आहेस, एवढं लक्षात ठेव.

दिवाकर


नगरा, झाशी
४ फेब्रुवारी १९९४

अहो,

टाळ्यांचं लिहिलं नाही, कारण लिहायला लाज वाटली नाही, आनंद वाटला होता. आणि तो पत्रात मावेना. मी त्या दिवशी त्या यंत्रावरचा सगळ्यात मोठा आकडा ओलांडला. पोरं टपोरी नाहीत, कॉलेजची आहेत, मला "आंटीजी" म्हणतात आणि मी खेळत असले की मागची गर्दी हटवतात. शकुंतलाबाई रस्त्यावरून बघून गेल्या. आत आल्या असत्या तर त्यांनाही स्टूल मिळालं असतं.

तुम्ही लिहिता, "मी इथे कशात आहे ते तुला माहीत नाही." मग सांगा! चहा पिता, गादीसारखे दिसता, लक्ष्मण गडगडत जातो. मी सातवीतली मुलगी आहे का? तुमचं प्रत्येक पत्र वाचून मला वाटतं, हा माणूस काहीतरी पाठीमागे लपवून उभा आहे. आणि ते काय असेल याचा विचार करत मी खोलीत फेऱ्या मारते. एकदा शारदाने विचारलं, "आई, तू चलते चलते थकत नाहीस?"

तुमचा हुकूम मानला. कालपासून दुकान बंद, घरचाही गेम ट्रंकेत टाकला. आता तुम्हीच सांगा. दुपारी पोस्टमन सायकलवरून न थांबता पुढे जातो. त्यानंतर मी काय करायचं?

प्रेमला


(तारखेशिवाय)

सौ. प्रेमलावहिनी यांस,

साहेबांच्या सांगण्यावरून हे पत्र मी लिहीत आहे, शब्द त्यांचेच आहेत. शाई गोठते, म्हणून ज्याला जमेल तो लिहितो. लक्ष्मण.

प्रिय प्रेमला, तुझं पत्र मिळालं. माझं चुकलं. तुला जसं बरं वाटेल तसं कर. दुकानात खुशाल जा, विमलाबाईंना बरोबर ने. तुझ्यासारखी बायको मिळाली हे माझं नशीब आहे. शारदाला जप. मी बरा आहे. पत्राला उशीर झाला तर काळजी करू नकोस. दिवाकर.


नगरा, झाशी
५ मार्च १९९४

अहो,

पाकिटावर फौजी टपालाचा, ए.पी.ओ.चा शिक्का नाही. पुसट आहे, पण चंडीगड वाचता येतं. चंडीगडला शाई गोठते का?

आणि लग्नाला इतकी वर्षं झाली, "माझं चुकलं" हे तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. तुम्ही चार शिव्या घातल्या असत्या तर मी निवांत झोपले असते. ते पत्र मी हातातच ठेवलं.

तशीच उठून शकुंतलाबाईंकडे गेले. त्यांनी दार उघडलं, मला पाहिलं आणि रडायला लागल्या. मी विचारलं, "काय झालंय?" त्या नुसत्या "वहिनी, वहिनी" करत राहिल्या. त्यांना सांगू नका म्हणून बजावलेलं दिसतंय.

मला तुमच्या हातचं पत्र हवं. एक ओळ चालेल. नाही आलं तर मी शारदाला विमलाबाईंकडे ठेवून चंडीगडची गाडी पकडते आणि एकेक हॉस्पिटल शोधत फिरते. मी हे करीन हे तुम्हाला माहीत आहे.

प्रेमला


चंडीगड
१२ मार्च १९९४

प्रेमला,

हे डाव्या हाताचं अक्षर. हसू नकोस.

वादळात लक्ष्मण बर्फाखाली गेला. दोरीची गाठ गोठली होती. हातमोजे घालून सुटेना, म्हणून काढले. लक्ष्मण निघाला. माझ्या उजव्या हाताची बोटं गेली. अंगठा अर्धा आहे.

तुझं रागाचं पत्र इथे मिळालं. तेव्हा डोळ्यांना सूज होती, म्हणून लक्ष्मणकडून वाचून घेतलं. तो शेजारच्याच खाटेवर आहे, पायाला लागलंय. त्याच्या बायकोवर तू जे लिहिलंस तेही त्यालाच वाचावं लागलं. वाचता वाचता तो रडला. मग आम्ही दोघं हसलो.

एवढं लिहायला सकाळ गेली.

दिवाकर


पुणे, मिलिटरी हॉस्पिटल
३ जून १९९४

प्रिय प्रेमला,

आता अक्षर वाचता येतं असं इथली सिस्टर म्हणते. तिला मराठी येत नाही हे सोडून दे.

२८ तारखेला माझं मेडिकल बोर्ड आहे. त्याआधी तुला थोडं सांगायचं आहे. झाशीत रजेवर असताना समोर बसून मला ते बोलता आलं नाही.

तू चंडीगडला येऊन मला घरी आणलंस, तेव्हापासून मी नीट वागलो नाही. डाव्या हाताने जेवताना शारदाने बघू नये म्हणून मी ताट घेऊन आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसायचो. दिवसभर मी अंगणात फेऱ्या मारायचो. मग एका दुपारी शारदाने ट्रंकेतून गेम काढला आणि म्हणाली, "पापा, आप भी खेळा ना." ते छोटं यंत्र दोन हातांत धरायचं, दोन अंगठ्यांनी दाबायचं. ते माझ्या पट्टीतून निसटलं. मांडीवर ठेवलं, निसटलं. मी ते भिंतीवर फेकलं. पोरगी पळून विमलाबाईंकडे गेली. तो आवाज अजून कानात आहे.

दुसऱ्या दिवशी तू मला न सांगता रिक्षात घातलंस. मला वाटलं मंडईत चाललोय. दुकानाच्या दारात मी म्हणालो, "मी आत येणार नाही." तू म्हणालीस, "मग मी एकटी जाते, तुम्ही उन्हात उभे राहा." त्या मिशीवाल्या भैयाने मला सॅल्यूट केला. तेव्हा मला परत जावंसं वाटलं. पण तू यंत्रासमोर अर्धी जागा सोडून उभी होतीस. म्हणालीस, "दांडा डाव्या हाताने चालवायचा असतो. डावा हात आहे ना? मारायचं माझ्याकडे."

पहिली तीन विमानं मी तुझ्याकडे बघत बसलो म्हणून गेली. मग मी बघणं सोडलं. तो गोल दांडा तळहातात बसला, आणि एकदम मला कळलं की मी विमान हलवायच्या आधी तुझा हात बटणावर पडतोय. तू माझ्या मनातलं ओळखत होतीस, आणि मी तुझ्या मनातलं. किती वेळ खेळलो? पोरं जमली होती. मी "मार! मार!" म्हणून ओरडत होतो. चौकीवरून उतरल्यापासून माझ्या तोंडून एवढा मोठा आवाज निघाला नव्हता.

आता ऐक. परत येताना रिक्षात तू माझ्या शर्टाचं सुटलेलं बटण लावलंस. बोलता बोलता, सहज. तुझ्या लक्षातही नसेल. मला वाटलं, हे असंच आता. दुकानात तासभर ठीक आहे, पण उरलेले दिवस? तू जेवायला वाढणार, बटणं लावणार, बुटाची नाडी बांधणार. सांभाळायला एक शारदा आहे, दुसरा मी.

बोर्ड विचारणार आहे, हलकं काम घेऊन नोकरीत राहता का पेन्शन घेता. मी पेन्शन मागणार आहे आणि काही दिवस गावी गोविंददादाकडे जाऊन राहणार आहे. दादाला लिहिलंय. तुम्ही दोघी झाशीतच राहा, शारदाची शाळा मोडू नका. मला माझ्या पद्धतीने हाताची सवय होऊ दे. मग बघू.

नाराज होऊ नकोस.

दिवाकर


नगरा, झाशी
८ जून १९९४

अहो,

पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना उभी होते, कारण बसवेना.

तुम्ही त्या दिवसाचं लिहिलंत, आता माझ्याकडचं ऐका. तुम्हाला वाटतं मी तुमच्या मनातलं ओळखत होते. छे! मला काहीही ओळखता येत नव्हतं. माझी अर्धी विमानं मी एकटी खेळते तशी डोळ्यांनी चालवत होते, आणि तुम्ही भलतीकडेच नेत होतात. दोनदा मी चिडून तुमच्या पायावर पाय दिला. आठवतंय? तुम्हाला ते चुकून वाटलं. आपण हरत होतो, आणि तरी तुम्ही हटत नव्हतात. शेवटचं विमान गेल्यावर मी म्हटलं, "चला आता." तुम्ही म्हणालात, "पुन्हा." पडद्यावरून नजर न काढता. मी तोंड फिरवलं, कारण रामसेवक भैयासमोर मला रडायचं नव्हतं.

बटणाचं मला खरंच आठवत नाही. मी लावलं असेल. शारदाच्या वेळेला मी आजारी होते तेव्हा तुम्ही माझे केस विंचरायचात, गुंता ओढून ओढून, मी ओरडायची. तेव्हा मी माहेरी जाऊन राहते म्हणाले का? तुम्हाला माझा हात लागलेला चालत नाही, का तुमच्यासाठी कोणी काही केलेलंच चालत नाही? हे दोन वेगळे आजार आहेत. बोर्डाला विचारा, कोणता ते.

"काही दिवस" आणि "मग बघू" हे शब्द मला कळतात. तुम्ही चौकीवरून चहाचं लिहायचात, तसलेच आहेत हे. गोविंदराव भाऊजींना मीही आज लिहिलंय की तुम्ही येणार नाही. आलात तर आम्ही दोघी मागोमाग येऊ, आणि त्यांच्या दोन खोल्यांत आपण सगळे मावत नाही हे त्यांना ठाऊक आहे.

तुम्हाला नोकरी नको असेल तर नका करू. पेन्शन घ्यायची तर घ्या. पण ते माझ्याशी बोलून, भांडून ठरवा. माझ्यापासून लपवून, मला वाचवून नाही. मी वाचायला बसलेली नाही इथे.

शाळेला सुट्टी आहे. २४ तारखेच्या शुक्रवारच्या गाडीची तिकिटं काढली, शारदाचंही. शकुंतलाबाई डब्यात पुऱ्या देणार आहेत. परवा त्या स्वतःहून आल्या आणि उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "वहिनी, माझा माणूस चालतोय तो तुमच्या माणसामुळे. तुम्ही म्हणाल ते करते." मी म्हटलं, "पुऱ्या करा." विमलाबाई म्हणाल्या, "बहू, वहाँ जाके रोना मत, लढना." तेच करायला येते आहे.

बोर्डाच्या दिवशी मी बाहेर बाकावर बसलेली असेन. आत जायच्या आधी मला भेटा. त्याआधी कशावरही सही करू नका.

प्रेमला


पुणे
१३ जून १९९४

प्रेमला,

सकाळी कारकून कागद घेऊन आला होता. म्हणाला, "साहेब, पेन्शनच्या अर्जावर डाव्या हाताचा अंगठा चालेल." मी म्हटलं, माझी माणसं यायची आहेत, मग बघू. तो उद्या परत येईल. परवाही येईल.

गाडीत शारदाला खिडकीशी बसव. मी स्टेशनवर आहे.

दिवाकर